गणपतीच्या आत

जांभूळ गावात ज्याच्या दारात खडीचा ढीग पडला आहे, त्याला 'घर कधी होतंय?' असं विचारावं. 'गणपतीच्या आत,' हे उत्तर ठरलेलं. कुठल्या सालच्या, हे मात्र विचारू नये. माणूस दुखावतो.

असे गणपतीच्या आतवाले भाऊ गावोगावी असतात. आळशी तर मुळीच नसतात. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्यांचं सगळं वेळापत्रक तयार असतं: पाया पंधरा दिवस, कॉलम आठ, स्लॅब एक, प्लास्टर दहा, लादी पाच. बेरीजही चोख असते. फक्त या बेरजेत स्लॅब सकाळी पडतो आणि संध्याकाळी त्याच्याखाली प्लास्टर सुरू होतं. काँक्रीटची ताकद २८ दिवसांवर मोजतात, हे सिमेंटला माहीत असतं. भाऊंचं कॅलेंडर तिथवर पोचलेलं नसतं.

स्लॅबवर पाणी मारायची वेळ आली, की जलशुद्धीकरण केंद्र दुरुस्तीसाठी बंद राहणार असल्याची बातमी येते. केंद्र बारवी धरणाच्या पाण्याचं आणि तेही जांभूळचंच, त्यामुळे भाऊंना हा घरचा आहेर वाटतो. वैशाखात मिस्त्रीच्या पुतणीची हळद निघते. हळदीनंतरचे दोन दिवस कुठलाही गवंडी ओळंब्यात उभा राहू शकत नाही. जूनमध्ये पाऊस येतो. तो दर जूनमध्ये येतो, तरी भाऊ म्हणतात, 'यंदा पावसानं घात केला!' जुलैत बिगारी भातलावणीला जातात आणि सेंटरिंगचे बांबू एकटेच स्लॅब धरून उभे राहतात.

दुसऱ्याच्या कामाबाबत मात्र भाऊंची नजर पक्की. शेजाऱ्यानं कुदळ मारली त्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, 'दोन वर्षं धर.' दोन वर्षंच लागली. बारवी धरणाची उंची वाढवण्याचं काम विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं रखडलं आणि वाढीव उंचीपर्यंत पाणी चढायला २०१९ चा पावसाळा उजाडला. त्यावर भाऊ नाक्यावर तासभर बोलतात. 'नुसती भिंत मोजून चालतं का? माणसं उठवायची, बसवायची, त्याला लागणारा वेळ कोण धरणार?' घरी येतात, तर प्लंबरला अजून सांगायचंच राहिलेलं असतं.

या स्वभावाची परदेशात रीतसर मोजदाद झाली आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातल्या विद्यार्थ्यांना प्रबंध पूर्ण व्हायला किती दिवस लागतील, असं विचारलं होतं. सरासरी अंदाज आला ३४ दिवसांचा. सगळंच बिनसलं तर? जवळपास ४९. प्रत्यक्षात लागले साडेपंचावन्न. त्या पोरांच्या वाटेत ना हळद होती, ना भातलावणी. भाऊंना हे ऐकवलं, तर ते पोरांनाच हसतात. 'थोडे जास्त धरायचे ना!'

भाऊ स्वतः जास्त धरत नाहीत असं नाही. २०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला, तर २०२६ ची अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला. पंचांगानं १८ दिवसांची मुदतवाढ दिली. दुसऱ्यानं तेवढ्यात राहिलेलं प्लास्टर उरकलं असतं. भाऊंनी गच्चीवर एक खोली वाढवली.

गणपती मात्र ठरल्या दिवशी येतो. उघड्या विटांपुढे जरीचा पडदा लागतो, खिडकीच्या रिकाम्या चौकटीत झेंडूचं तोरण चढतं, पाहुणे सिमेंटच्या गोण्यांवरच्या सतरंजीवर बसून मोदक खातात. शेवटी एखादा खवचट मेहुणा विचारतोच, 'काय भाऊ, गणपतीच्या आत होणार होतं ना?'

भाऊ शांतपणे प्रसादाची वाटी पुढे करतात.

'मी माघी गणपती म्हणत होतो.'