गर्दीच्या दिवशी स्की-मास्तरांना पेटवावं कसं?

अमेरिकेतल्या स्की-शाळांना कडाक्याच्या थंडीत तीनदा घाम फुटतो. नाताळ ते नववर्ष हा आठवडा, जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारची मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी आणि फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारचा प्रेसिडेंट्स डे. एरवीच्या मंगळवारी जिथे चार मास्तर हीटरपुढे हातमोजे वाळवत बसलेले दिसतात, तिथे या दिवशी सकाळी आठलाच माणसांवर माणसं पडत असतात. अशा वेळी स्की आणि स्नोबोर्ड शिकवणाऱ्या मास्तरांची पूर्वतयारी करून घेणं आणि त्यांच्यात चैतन्य निर्माण करणं ही सुपरवायझरची जबाबदारी असते. सुपरवायझर म्हणजे जो एके काळी उत्तम स्कीइंग करायचा आणि आता ज्याच्या हातात क्लिपबोर्ड आहे तो. सदर मार्गदर्शन त्याच्यासाठी आहे. मास्तरांच्या हाती ते पडू देऊ नये.

आधी कच्चा माल समजून घ्यावा. तुमच्यासमोर उभ्या असलेल्या मास्तरांत एक निवृत्त दंतवैद्य असतो; त्याला पगार नको, फुकटचा सीझन पास हवा असतो. एक अर्जेंटिनाची विद्यार्थिनी असते. तिच्याकडे आत्ता उन्हाळ्याची सुट्टी चालू आहे, म्हणून ती इकडे गारठायला आली आहे. एक असा असतो की त्याने कैक वर्षांत उन्हाळा पाहिलेलाच नाही, कारण इथला बर्फ वितळला की तो न्यूझीलंडला शिकवायला जातो. आणि एक कॉलेज अर्धवट सोडलेला पोरगा, जो गाडीत झोपतो. हे कोणाला सांगायचं नसतं. सगळ्यांना माहीत असतं. या चौघांत समान एवढंच, की ते बर्फासाठी आले आहेत. त्यांना बर्फावर दिवसभर उभं करून बर्फाचा उपभोग मात्र घेऊ द्यायचा नाही, हे या धंद्याचं मूळ सूत्र होय.

आता पैशांचं बोलू, कारण नंतर वेळ मिळणार नाही. कोलोरॅडोतल्या मोठ्या रिसॉर्टांत गर्दीच्या दिवशी एका कुटुंबाला दिवसभरासाठी खासगी मास्तर हवा असेल, तर हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात. नव्या मास्तराला तासाला वीस-बावीस डॉलर मिळतात. मधले पैसे कुठे जातात हा प्रश्न मास्तरांच्या डोक्यात सकाळच्या हजेरीआधी येता कामा नये. त्यासाठी डोनट आणावेत. डोनट साडेसातला मांडावेत, पावणेआठला नव्हे. पावणेआठला गणित सुरू झालेलं असतं. एका मास्तरामागे दीड डोनट हे प्रमाण पुरतं. दोन ठेवले तर सवय लागते.

डोनटवर विश्वास नसलेले काही नतद्रष्ट लोक पार्क सिटीचा दाखला देतात. यूटा राज्यातल्या या रिसॉर्टच्या स्की-पेट्रोलवाल्यांनी, म्हणजे उतारावर पडलेल्यांना उचलून आणणाऱ्या आणि हिमकड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सुमारे दोनशे जणांनी, २७ डिसेंबर २०२४ला ऐन हंगामात संप पुकारला. सुरुवातीचा पगार तासाला २१ डॉलरवरून २३ करा, एवढी मागणी. डोंगराचा बराचसा भाग बंद राहिला, लिफ्टखाली रांगाच रांगा लागल्या, हजारो डॉलर मोजून आलेले पाहुणे रांगेचे फोटो जगाला दाखवत बसले. तेरा दिवसांनी समेट झाला आणि ते दोन डॉलर मिळाले. मास्तरांच्या बाबतीतही, बूट चढवायला आणि बसने वर पोचायला लागणाऱ्या वेळेचे पैसे मिळावेत की नाहीत यावर तिकडे कोर्टकचेऱ्या झालेल्या आहेत. यातून कोणाला काही निष्कर्ष काढायचा असेल तर त्याने घरी काढावा. आपला विषय प्रेरणा हा आहे.

सकाळची हजेरी

हिला तिकडे लाइन-अप म्हणतात. शाळेतल्या परिपाठासारखा प्रकार: ओळीत उभं राहायचं, थंडीत कुडकुडायचं, कोणीतरी सुविचार सांगायचा. फरक इतकाच की इथे मुलांऐवजी मास्तर ओळीत असतात आणि त्यांच्या छातीवर बिल्ले असतात. अमेरिकेतल्या स्की-मास्तरांची संघटना १९६१ सालची. तिच्या परीक्षांचे तीन टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याचा वेगळा बिल्ला. तिसऱ्या टप्प्याचा बिल्ला मिळवायला माणसाची उमेदीची वर्षं आणि एखादा गुडघा खर्ची पडतो. गर्दीच्या दिवशी या बिल्लेवाल्या माणसाला तुम्ही पाच वर्षांच्या मुलांचा गट देणार आहात, तेव्हा त्याच्या नजरेला नजर देऊ नये. क्लिपबोर्डकडे बघून नाव वाचावं.

भाषण तीन मिनिटांचं असावं. 'आज आपण वळणं नाही, आठवणी घडवणार आहोत' असलं काही म्हणण्याचा मोह होईल; म्हणून टाकावं, न म्हटल्यास सुपरवायझरला रुखरुख लागून राहते. पण त्यानंतर लगेच ज्या गोष्टी खरोखर ऐकल्या जातात त्या सांगाव्यात: कुठली लिफ्ट बिघडली आहे, जेवणाची पाळी किती वाजता, आणि मुलांच्या विभागातल्या कुठल्या स्वच्छतागृहाचं दार आतून अडकतं. यातल्या शेवटच्या माहितीवर दिवसाची मदार असते. ज्या सुपरवायझरला दाराचं माहीत असतं त्याच्यासाठी मास्तर जीव टाकतात. ज्याला फक्त आठवणींचं माहीत असतं त्याचे डोनट खातात.

तयारीचा खरा भाग मात्र आदल्या रात्रीच उरकलेला असतो, आणि तो म्हणजे बूट. स्कीचा बूट हा प्लॅस्टिकचा कडक डबा असतो. रात्री थंड खोलीत राहिला तर सकाळी तो दगड होतो; पाय आत जात नाही, गेला तर बकल लागत नाही, लागलं तर मास्तराच्या तोंडून जे निघतं ते मुलांच्या विभागात चालत नाही. आतलं अस्तर ओलं असेल तर दहा वाजेपर्यंत बोटं बधिर. म्हणून रात्री बूट सुकवण्याच्या नळ्यांवर सगळ्यांच्या बुटांना जागा आहे की नाही हे सुपरवायझरने स्वतः जाऊन पाहावं. प्रेरणेवरच्या कार्यशाळांत हे शिकवत नाहीत, कारण बूट सुकवायच्या यंत्रावर स्लाइड करता येत नाही.

वाटणी

साडेनऊच्या सुमारास गिऱ्हाईक येतं. येतं म्हणजे, यायला हवं. डेन्व्हरहून डोंगरात जाणारा आय-७० हा महामार्ग अशा शनिवारी अकरा हजार फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्याच्या अलीकडे तुंबून बसतो आणि दोन तासांची वाट चार तासांची होते. त्यामुळे आठ जणांच्या गटात तीन जण वेळेवर, दोन जण पार्किंगमध्ये, एक जण बुटांच्या दुकानात आणि दोघे 'बोगद्यातच आहोत' असं फोनवर सांगत असतात. मास्तराने या तिघांना घेऊन निघावं की थांबावं? निघाला तर उशिराच्यांचे पालक तुमच्याकडे येतील; थांबला तर वेळेवर आलेल्यांचे. दुसरे जास्त चिडलेले असतात, कारण ते पहाटे साडेचारला उठलेले असतात.

आलेल्यांची वाटणी पातळीप्रमाणे करायची. बऱ्याच ठिकाणी पातळ्या एक ते नऊ असतात. एक म्हणजे ज्याने बर्फ फ्रीजमध्येच पाहिला. कोणाला कुठे टाकायचं ते पालकांना विचारून ठरतं, आणि इथेच घोटाळा होतो. पालक जी पातळी सांगतील तिच्यातून दोन वजा कराव्यात. भारतीय पालक असतील तर तीन. डॅलसहून गाडी हाकत आलेले आपले एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. वडील म्हणतात, हा सहावीत टाका, हुशार आहे. मास्तर विचारतो, आधी कधी स्कीइंग केलंय? वडील मुलाला पुढे करतात, "अरे, सांग ना त्यांना, स्केटिंगमध्ये तुझा कितवा नंबर आला होता ते!" मुलगा बुटांकडे बघत असतो. बूट उलटसुलट पायांत घातलेले असतात.

मागे आजी उभ्या असतात. कानटोपी, शाल, त्यावर सुनेचं जॅकेट. त्यांनी नातवाला थंडी वाजू नये म्हणून दोन-दोन लोकरी मोजे चढवलेले असतात. दोन मोज्यांमुळे बूट घट्ट होतो, रक्त फिरत नाही आणि पाय एका मोज्यापेक्षा लवकर गार पडतो, हे मास्तराला ठाऊक असतं. आजींना पटवणं मात्र तिसऱ्या टप्प्याच्या परीक्षेतही नसतं. यावर उपाय असा, की मुलाला मास्तराने गुपचूप कोपऱ्यात नेऊन एक जोड काढावा आणि तो खिशात ठेवून संध्याकाळी परत चढवून द्यावा. आजींनी मास्तराला "बाळाला बाहेर फार वेळ नका हं ठेवू" असं मराठीत बजावलं, तर त्याने मान डोलवावी. ते सगळ्या भाषांत कळतं.

एक सूचना उंचीबद्दल. ब्रेकनरिजसारखं गावच ९,६०० फुटांवर वसलेलं आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही चार हजार फुटांहून जास्त वर. काल समुद्रसपाटीवर असलेला माणूस आज तिथे दोन पावलं चालून धापा टाकतो, डोकं धरतो आणि दोष मास्तराच्या शिकवण्याला देतो. गटाला पाणी पाजत राहा असं मास्तरांना सांगावं. पाणी पाजल्याचे परिणाम पुढील भागात येतात.

एक अत्यंत महत्त्वाची बाब

पाच वर्षांचं मूल स्कीइंगसाठी सजवलं की त्याच्या अंगावर हेल्मेट, गॉगल, मिटन, जॅकेट, खांद्यावरून पट्टे गेलेली विजार, वरून गटाच्या रंगाचं बिब, आतून थर्मल आणि पायांत ते डबे असा सरंजाम असतो. तो चढवायला अर्धा तास लागतो. शेवटचं बकल लागलं की मूल म्हणतं, शू आली.

खरं तर हा सुदैवी प्रसंग. दुर्दैवी मूल ते लिफ्टच्या वरच्या टोकाला पोचल्यावर सांगतं. अशा वेळी उरलेल्या सात मुलांचं काय करायचं हा प्रश्न पडतो. शहाणा सुपरवायझर गर्दीच्या दिवशी एकही गट न दिलेला एक मोकळा माणूस ठेवतो, ज्याचं काम फक्त हेच: हाक आली की जायचं, एका मुलाला न्यायचं, पट्टे सोडायचे, पट्टे बांधायचे, परत आणून सोडायचं. अशा माणसाला काय हुद्दा द्यावा यावर मतभेद आहेत. काही ठिकाणी कार्यालयातले हिशेबनीस यासाठी बाहेर काढतात. गर्दीच्या दिवशी हिशेबनीस, विपणनवाले, मनुष्यबळ विभागातल्या बाई, कोणीही कामाला लावता येतं, आणि मनुष्यबळवाल्या बाईंना चार वेळा पट्टे बांधायला लागले, की प्रेरणेबद्दल त्या पुन्हा पत्रक काढत नाहीत.

शिकवण्याबद्दल फारसं सांगायला नको. ते मास्तरांना येतं. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवली की वेग कमी होतो, त्याला मुलांपुढे 'पिझ्झा' म्हणतात. दोन्ही स्की समांतर ठेवल्या की 'फ्रेंच फ्राइज'. पद्धत सोपी आहे, पण अकरानंतर डोंगरभर हेच ऐकू येत राहतं आणि मुलांसकट मास्तरांनाही भूक अनावर होते. जेवणाची पाळी साडेबाराची असेल तर ती साडेअकरावर आणावी.

स्नोबोर्डवाल्यांसाठी

मिशिगनमध्ये १९६५च्या नाताळात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडल्या, आणि त्या खेळण्याचं पुढे १९९८मध्ये नागानोला ऑलिंपिक झालं. मधल्या काळात आणि नंतरही स्कीवाल्यांनी बोर्डवाल्यांना माफ केलेलं नाही. यूटातल्या आल्टा आणि डिअर व्हॅली इथे आणि व्हर्मॉंटच्या मॅड रिव्हर ग्लेनवर बोर्डला बंदीच आहे. तिथल्या सुपरवायझरांनी हा भाग वगळावा.

बोर्डच्या नव्या विद्यार्थ्याचा कुठला पाय पुढे राहणार ते ओळखायला मास्तर त्याला मागून हलकेच ढकलतो आणि तोल सावरायला कुठला पाय पुढे पडतो ते पाहतो. गर्दीच्या दिवशी हा प्रयोग पालकांसमोर करू नये. विद्यार्थी पहिला तासभर पडतच असतो, बहुधा बुडावर, नाहीतर हातांवर, म्हणून मनगटं वाचवायला मुठी वळून पडायला आधी शिकवावं. बोर्डच्या मास्तरांना मात्र वेगळ्या प्रेरणेची गरज नसते. ते हजेरीला दहा मिनिटं उशिरा येतात, डोनट संपलेले बघतात आणि तरी हसतात. हे का, ते कुणाला कळलेलं नाही.

ताजा बर्फ पडल्यास

रात्रीत फूटभर भुसभुशीत बर्फ पडला तर सकाळी सहापासून मास्तरांचे फोन येतात. सगळ्यांना खोकला झालेला असतो. या साथीवर औषध नाही, पण लस आहे: आदल्या संध्याकाळीच जाहीर करावं, की जो साडेसातला हजर राहील त्याला लिफ्ट लोकांसाठी सुरू व्हायच्या आधी एक फेरी मारता येईल. या एका फेरीच्या बदल्यात मास्तर दिवसभर पाच वर्षांच्या मुलांना पिझ्झा करायला लावतात, तेही गात-नाचत. डोनटचा खर्च वाचतो तो वेगळाच. हा उपाय वरिष्ठांना मंजूर होत नाही. विम्याचं कारण सांगतात.

दिवसाची अखेर

साडेतीनला मुलं परत द्यायची. प्रत्येक मुलासोबत एक कार्ड असतं, त्यावर मास्तराने दोन ओळी लिहायच्या असतात. बोटं बधिर असल्याने सगळ्यांच्या कार्डांवर 'छान प्रगती' एवढंच निघतं. टिप मिळते ती याच वेळी, हस्तांदोलनातून, घडी घालून. त्या क्षणी सुपरवायझरने दुसरीकडे बघावं. मग मुलं मोजावीत. आठ नेली आणि आठ आली तर ठीक. सात आली तर आधी स्वच्छतागृहात बघावं, मग चॉकलेटच्या काउंटरवर, मग रेडिओ उचलावा. नऊ आली तर घाबरू नये; नववं दुसऱ्या गटातलं असतं आणि त्याला तुमचा मास्तर जास्त आवडलेला असतो. ते परत करताना त्याच्या पालकांनी टिप दिली, तर ती कोणाची याबद्दल अजून नियम झालेला नाही.