घरपोच परत : नवविक्रेत्यांसाठी प्राथमिक धडे

अभिनंदन! जीएसटी नंबर आला, बँकेचं खातं जोडून झालं, पांढऱ्या चादरीवर गोधड्या अंथरून फोटो काढून झाले आणि पहिली ऑर्डर पडली. आता तुम्ही धंद्याला लागलात असं घरच्यांना वाटेल. वाटू द्या. तुम्ही मात्र एक व्याख्या पाठ करून ठेवा. ग्राहकानं बटण दाबलं, ही विक्री नव्हे. कुरिअरवाल्यानं पार्सल पोत्यात टाकलं, हीही नव्हे. माल ग्राहकाच्या हाती पडला, परत करायची मुदत उलटली आणि पैसे तुमच्या खात्यात आले, म्हणजे विक्री झाली. तोवर तुमची एक गोधडी प्रवासाला गेलेली आहे, इतकंच.

ही मार्गदर्शिका त्या प्रवासाच्या परतीच्या टप्प्याबद्दल आहे. जाण्याच्या टप्प्याबद्दल सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. त्यात एक तरुण मोटारीत बसून महिन्याला लाखभर कसे कमवायचे ते सांगतो. पार्सल परत आल्यावर काय करायचं ते तो सांगत नाही, कारण तो पार्सलं विकत नाही, कोर्स विकतो. कोर्स परत घेत नाहीत.

जाती दोन

परत येणाऱ्या पार्सलांच्या मुख्य जाती दोनच. पहिली आरटीओ, म्हणजे रिटर्न टू ओरिजिन : ग्राहकाच्या हाती पडलंच नाही आणि आल्या वाटेनं माघारी निघालं. दुसरी कस्टमर रिटर्न : ग्राहकानं घेतलं, उघडलं, लग्नाला आलेल्या पाहुण्यांना चार रात्री पांघरायला दिलं आणि मग ‘रंग फोटोसारखा नाही’ असं कारण निवडून परत पाठवलं. पहिल्या जातीत आतला माल तुमचाच असतो. दुसऱ्या जातीत पाकीट तुमचं असतं. मालाबद्दल खात्री देता येत नाही.

हवेचं वजन

हिशेब आधी शिका, दुःख नंतर करा. समजा गोधडी 900 रुपयांना विकली आणि सगळं जाऊन तुमच्या हाती 120 रुपये राहणार आहेत. ती परत आली. जातानाचं भाडं 95, येतानाचं 95, पिशवी-टेप-लेबलाचे 20. गेले 210. म्हणजे दोन गोधड्या धड पोचल्या की परत आलेल्या एकीचं फिटतं आणि 30 रुपये उरतात. त्या 30 रुपयांत चहा घ्या. काही ठिकाणी आरटीओचं भाडं विक्रेत्याला लागत नाही. तिथे फक्त पाकीट जातं आणि माल पंधरा-वीस दिवस रस्त्यावर अडकतो, नेमका थंडीचे पंधरा-वीस दिवस.

हे भाडं वजनावर ठरतं असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमच्या घरचा काटा कुणाला तरी देऊन टाका. कुरिअरचं वजन वेगळं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, गुणाकार करायचा आणि साधारणपणे 5000 नं भागायचं. येईल ते किलो. दीड किलोची गोधडी 40 बाय 35 बाय 15 च्या खोक्यात घातली तर गुणाकार 21,000, म्हणजे वजन 4.2 किलो. खरं आणि असं काढलेलं यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे. मधले 2.7 किलो ही आमच्या सांगलीची हवा. ती तुम्ही भाडं भरून नांदेडला पाठवता आणि ग्राहकानं नाकारली की भाडं भरून परत आणता. म्हणून खोकं वापरू नका. गोधडी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, घरातल्या सर्वांत वजनदार माणसाला तिच्यावर बसवा आणि तो उठायच्या आत टेप मारा.

पत्ता वाचायला शिका

या धड्याला वेळ द्या, कारण निम्मी पार्सलं निघण्याआधीच परत आलेली असतात. फक्त ते पत्ता वाचणाऱ्याला दिसतं.

भारतात पिन कोड सुरू झाला 15 ऑगस्ट 1972 ला. तो आणणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे मोठे कवी. एकसारखी गावांची नावं, चुकलेले पत्ते आणि निरनिराळ्या लिप्या यांत टपाल हरवत होतं म्हणून सहा आकडे आले. पहिला आकडा विभागाचा. आपला 4, आणि त्यात महाराष्ट्राबरोबर गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कचेरीचे. सांगलीचा कोड 416416 असल्यानं तो आम्हाला पाठ करावा लागत नाही, एवढं सुख आहे.

याच वेलणकरांनी एक विलोमकाव्य लिहिलं. सरळ वाचलं तर रामाची स्तुती, उलट वाचलं तर कृष्णाची. पिन कोड आणणाऱ्या माणसाला सरळ आणि उलट या दोन्ही वाटांचं इतकं भान असावं, याचं कुरिअरच्या ट्रॅकिंगचं पान बघताना फार कौतुक वाटतं. त्यांच्या काव्याला निदान दोन्हीकडून अर्थ होता.

पण पिन कोड तुम्हाला टपाल कचेरीपर्यंत नेतो, दारापर्यंत नाही. खेड्यात एका कोडाखाली अनेक गावं आणि वाड्या असतात. पुढचं काम पत्त्याच्या ओळीनं करायचं आणि ती ओळ अशी असते : ‘मु. पो. वडगाव, मारुती मंदिरामागे, आल्यावर फोन करा.’ आता वडगाव कुठलं? पुण्यात सिंहगड रस्त्यालाच वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द दोन्ही आहेत. महाराष्ट्रात बाकीची किती आहेत ते मोजायला बसू नका. आणि मारुतीचं मंदिर नसलेलं गाव तुम्ही पाहिलंय का?

2025 मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला. दहा अक्षरं-आकड्यांचा संकेत, आणि त्यानं जागा ठरते ती सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाइतकी नेमकी. अख्खा देश अशा चौकोनांत आखून झाला आहे. तुमचा ग्राहक मात्र अजून मारुतीच्या मागेच राहतो.

म्हणून नवशिक्यानं असा पत्ता दिसला की लेबल छापण्याआधी विचारून घ्यावं. ज्या ऑनलाइन बाजारपेठेवर तुम्ही विकता, ती तुम्हाला ग्राहकाचा नंबर सरळ देत नाही. कुठे खरा नंबर झाकणारा आडनंबर असतो, कुठे फक्त निरोप पाठवायची सोय. जे असेल ते वापरा. तीन प्रश्न पुरेत : तालुका कोणता, बुद्रुक की खुर्द, आणि दिवसा घरी कोण असतं. कुणी उत्तर देत नसेल, तर तेही उत्तरच समजा.

शेरे आणि त्यांचे अर्थ

पार्सल पोचलं नाही की ट्रॅकिंगच्या पानावर शेरा पडतो. कंपनीच्या भाषेत एनडीआर, म्हणजे माल न पोचल्याचा अहवाल. साधारण तीन फेऱ्या होतात, निदान नोंदीत तरी. शेरे वाचण्याची रीत अशी.

‘ग्राहक उपलब्ध नाही’ : ग्राहक शेतात आहे. सकाळी अकराला खेड्यात घरी सापडणारा माणूस एकतर आजारी असतो किंवा जावई.

‘ग्राहकानं नंतरची तारीख मागितली’ : पितृपक्ष चालू आहे. पार्सल घटस्थापनेनंतर घेतो असं ग्राहक म्हणाला, त्यात गैर काही नाही. पण कुरिअरच्या यंत्रणेला पितृपक्ष कळत नाही. ती पार्सल त्याच पंधरवड्यात तिन्ही वेळा नेते आणि माघारी पाठवते.

‘ग्राहकानं नाकारलं’ : त्यानं तीच गोधडी तीन ठिकाणी मागवली होती. तुमची दुसरी आली.

‘पत्ता अपुरा’ : मारुती.

आणि रात्री नऊच्या सुमाराला, पाच मिनिटांच्या आत, तुमच्या चार वेगवेगळ्या गावांच्या चार पार्सलांवर ‘फोन लागला नाही’ असा एकच शेरा पडला, तर त्या दिवशी पोत्यातली उरलेली पार्सलं हबवर बसून निकालात काढली आहेत. याची तक्रार जरूर करा. ग्राहकाकडून ‘कुणी आलं नव्हतं’ एवढं लिहून मिळालं तर पुन्हा एक फेरी मिळते. पण पार्सलवाल्या पोरावर दात धरू नका. बहुतेकांना पोचलेल्या पार्सलमागे पैसे मिळतात, पेट्रोल स्वतःचं, आणि संध्याकाळी प्रत्येक पाकिटाला काही ना काही कारण चिकटवल्याशिवाय त्याला घरी जाता येत नाही. कारणांच्या त्या यादीत ‘आज वेळ पुरला नाही’ असा पर्याय ठेवला असता, तर तो त्यानं खुशाल निवडला असता.

एक शेरा मात्र खरा असतो, ‘घराला कुलूप’. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडच्या गावांतून गोधड्यांच्या ऑर्डरी येतात. पार्सल गावी पोचेतो बिऱ्हाड ऊसतोडीला निघून गेलेलं असतं. म्हणजे गोधडी सांगलीहून बीडला जाते आणि ती पांघरणारी माणसं बीडहून सांगलीच्या कारखान्यावर आलेली असतात. तुमच्या घरापासून दहा किलोमीटरवर, कोपीत. फोन लागला तर दुसरी गोधडी घेऊन सरळ तळावर जा. ऑर्डर बाजारपेठेच्या नोंदीत मेली तरी हरकत नाही. थंडी खरी आहे.

रोखीचा मोह

पार्सल नाकारण्याचं मूळ बहुतेक वेळा कॅश ऑन डिलिव्हरीत असतं. पैसे आधी दिलेला माणूस पार्सलची वाट बघतो. न दिलेल्या माणसाची पार्सल वाट बघतं. फ्लिपकार्टनं 2010 मध्ये ही सोय आणली तेव्हा ती नवलाची वाटली, पण टपाल खात्याची व्हॅल्यू पेएबल पोस्ट 1877 सालची आहे. मराठी प्रकाशकांना विचारा. पुस्तकं व्हीपीनं मागवायची, पोस्टमन दारात आला की ‘मालक गावाला गेलेत’ म्हणायचं, काही दिवसांनी व्हीपी सोडवली नाही म्हणून गठ्ठा प्रकाशकाकडे परत, टपालखर्च त्याच्या डोक्यावर. जाहिरातीत ‘निम्मी रक्कम आगाऊ पाठवावी’ अशी ओळ उगाच येत नव्हती. तेव्हाचा व्यवहार तुमच्यापेक्षा शहाणा होता, एवढं कबूल करा आणि जिथे सोय असेल तिथे आधी पैसे देणाऱ्याला तीस-चाळीस रुपये सूट ठेवा. आरटीओच्या 210 रुपयांपुढे ती स्वस्त पडते.

रोख बंदच करून टाकावी, असा सल्ला कुणी देईल. शहरात बसून द्यायला बरा आहे. खेड्यातलं गिऱ्हाईक न पाहिलेल्या दुकानदाराला आधी पैसे का देईल? तुम्ही दिले असते का?

चित्रीकरण

परत आलेलं पार्सल कधीही एकट्यानं उघडू नये. एक माणूस कात्रीला, एक मोबाइलला. चित्रीकरण अखंड हवं : आधी लेबल आणि एडब्ल्यूबी, म्हणजे ट्रॅकिंगचा नंबर स्वच्छ दिसला पाहिजे, मग सहाही बाजू, मग टेप कापणं, मग आतला माल पूर्ण उलगडून. मधे थांबवलंत की बाजारपेठेकडचा भरपाईचा क्लेम गेला. मांजर आडवं आलं तरी थांबवू नका. नव्या गोधडीच्या जागी ग्राहकाच्या आजेसासूबाईंची जुनी गोधडी निघाली, तर आवाज चढवू नये. शांतपणे कॅमेऱ्याला दोन्ही बाजू दाखवाव्यात. क्लेमची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून पार्सल आलं त्याच दिवशी उघडा. ‘रविवारी निवांत बघू’ म्हणणाऱ्यांच्या कपाटांत आज परक्या घरच्या गोधड्या आहेत.

क्लेमला पहिलं उत्तर नकाराचं येतं. ते कुणी वाचून लिहिलेलं नसतं, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. त्याच पुराव्यासह पुन्हा दाखल करा.

माल धड असेल तर जुनं लेबल खरवडून काढा, नुसतं नवं वर चिकटवू नका. हबवर बारकोडचं यंत्र जो आधी दिसेल तो वाचतं आणि ज्यानं नाकारली त्याच्याच दारात गोधडी पुन्हा उभी राहते.

कागद

परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट त्या-त्या महिन्याला करा. बाजारपेठ तुमचा जो टीसीएस, म्हणजे जीएसटीपोटी आधीच घेतलेला कर, कापते, जुलै 2024 पासून अर्धा टक्का, तो परतीचा माल वजा करून उरलेल्या विक्रीवर असतो. त्यांचा आकडा आणि तुमचा आकडा जुळला नाही तर सीएचा फोन येतो. तो मात्र लागतो.

एवढं वाचूनही धंद्यात राहायचं ठरवलं असेल, तर शेवटची सूचना तुमच्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवा. पत्त्यात तालुका लिहा. पार्सल यायचं असेल त्या दिवशी अनोळखी नंबर उचला. प्रत्येक वेळी कर्जवालाच असतो असं नाही. आणि मन बदललं तर संकोच करू नका, माल बांधायच्या आधी ऑर्डर रद्द करा. त्याला कुणाचाच पैसा पडत नाही.