आपला आज्ञाधारक

नियम मोडणारी पोरं कुठल्याही हायस्कुलात पैशाला पासरी मिळतात. शर्ट बाहेर काढून हिंडणारा, मधल्या सुट्टीत कंपाउंडावरून उडी मारून वडापाव आणणारा, प्रार्थनेच्या वेळेलाच नेमका पोटात दुखणारा. या मंडळींचं आणि शाळेचं वर्षानुवर्षं उत्तम चाललेलं असतं. ते नियम मोडतात, सापडले तर बोलणी खातात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोडतात. कुणाच्याच मनात काही राहत नाही. पुढे हीच मुलं माजी विद्यार्थी मेळाव्याला स्वतःच्या गाडीतून येतात, सरांच्या पाया पडतात आणि पाण्याच्या टाकीला देणगी देऊन जातात.

ज्याचं नाव निघालं की शिक्षकांच्या खोलीतला चहा कडू होतो, तो प्राणी वेगळा. त्याने जन्मात एक नियम मोडलेला नसतो. शर्ट खोचलेला, नखं कापलेली, वह्यांना खाकी कव्हरं आणि कव्हरांवर चौकटीत नाव. त्याला नियम बदलून हवा असतो. तोही लेखी.

आमच्याकडे त्याला 'अर्जदार' म्हणतात. दर तीन-चार वर्षांनी एखाद्या तुकडीत तो उगवतो, बहुधा आठवीत. वडील पंचायत समितीत नाही तर तहसील कचेरीत असतात, आणि त्यांच्या वेतननिश्चितीची फाईल याच्या जन्माच्या आधीपासून कुठेतरी अडकलेली असते. त्यामुळे इतर मुलं अंगाई ऐकत वाढतात तेव्हा हा 'सदर प्रकरणी उचित कार्यवाही व्हावी' हे ऐकत वाढतो. कंपासपेटीत कर्कटकाच्या जागी स्टेपलर. दप्तरात बटणाची प्लास्टिक फाईल. चालताना तो ती फाईल छातीशी धरतो, आणि लांबून त्याला येताना पाहिलं की आमचे मुख्याध्यापक फोन कानाला लावतात. फोन वाजलेला नसतो.

त्याचा एक अर्ज माझ्या पाहण्यात आला. वर्गात तास चालू असताना पाणी प्यायला किंवा लघवीला जायचं नाही, असा आमच्याकडे नियम होता. त्याने लिहिलं होतं :

'विषय : मधल्या सुट्टीव्यतिरिक्त पाणी पिण्यास व लघवीस जाण्यास परवानगी मिळणेबाबत. संदर्भ : १) वर्गातील भिंतीवरील नियम क्र. ९. २) आपणांशी दि. २ रोजी झालेले तोंडी बोलणे, जे पूर्ण होऊ शकले नाही. ३) केरळ राज्यातील शाळांमध्ये २०१९ पासून पाणी पिण्यासाठी वाजवण्यात येणारी घंटा.'

खाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी', त्याखाली सही, आणि त्याखाली 'प्रत माहितीसाठी : १) वर्गशिक्षक, २) शिपाईमामा (घंटेसाठी)'.

हा अर्ज घेऊन तो ऑफिसात गेला तेव्हा मी तिथेच कॅटलॉग भरत होतो. त्याने दोन प्रती काढल्या. एक क्लार्कभाऊंच्या पुढ्यात ठेवली आणि दुसरी हातात धरून उभा राहिला.

"ठेव तिथे आणि जा वर्गात."

"भाऊ, पोच द्या."

"कसली पोच?"

"या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर."

भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. "विद्यार्थ्याच्या अर्जाला आवक नंबर पडत नसतो."

"का?"

"तशी पद्धत नाही."

"तशी पद्धत नाही हे लेखी मिळेल का?"

भाऊंनी आजवर ऑडिटर पाहिले होते, संस्थेचे तीन अध्यक्ष पाहिले होते. त्यांनी मुकाट्याने आवक-जावकचं रजिस्टर ओढलं, शिक्का शाईवर दाबला आणि हाणला. तो तेवढ्यावर खूश होऊन गेला. पाण्याचं काय होणार ते त्याने विचारलंसुद्धा नाही. अर्जदाराचा निम्मा आनंद पोच मिळण्यात असतो. हे त्याला घरून मिळालेलं शहाणपण आहे.

मी मराठी शिकवतो, म्हणून या सगळ्याचं खापर सहकारी माझ्या डोक्यावर फोडतात. "तुमच्या उपयोजित लेखनाची फळं आहेत ही," असं गणिताचे सर म्हणतात. त्यांचं चूक नाही. दहावीच्या पेपरात पत्रलेखन असतं. ग्रंथालयासाठी पुस्तकं मिळावीत, गावातला कचरा उचलला जावा, अशी विनंतीपत्रं आम्ही मुलांकडून वर्षभर घोटून घेतो. मायना नीट, विषय नेमका, भाषा नम्र, की गुण पूर्ण. ते पत्र कुणाकडेही पोचणार नसतं, एवढीच त्यातली अट. तेच पत्र, त्याच मायन्याने, खरोखरच्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर आलं की ते आगाऊपणाच्या सदरात जमा होतं.

टिळकांचंही तसंच. १ ऑगस्टला आमच्या सभागृहात शेंगांच्या टरफलांची गोष्ट निदान नऊ वेळा सांगितली जाते आणि प्रत्येक वेळी आम्ही शिक्षक टाळ्या वाजवतो. एका वर्षी पहिला नंबर अर्जदाराने काढला. त्याच आठवड्यात वर्गातल्या पंख्याचं पातं कुणीतरी वाकवलं, आणि कोण ते कळेना म्हणून सबंध वर्गाला माणशी दहा रुपये दंड झाला. लगेच अर्ज आला : सामूहिक दंड रद्द होणेबाबत. संदर्भ : दि. १ रोजी सभागृहात झालेले भाषण (प्रथम क्रमांक). मुख्याध्यापकांनी तो वाचला आणि शांतपणे म्हणाले, "बाळा, टिळक एक तारखेला झाले. आज चार तारीख आहे."

कायदा मात्र तो आमच्यापेक्षा बरा वाचतो. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास यांना मनाई करणारं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं १७ वं कलम त्याला पाठ असतं. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे हेही ठाऊक असतं. त्यामुळे चौदावं सरायच्या आत महत्त्वाचे अर्ज उरकून घ्यायची त्याची घाई चाललेली असते. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार १९८९ चा, भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला, आणि त्याच्या १२ व्या कलमानुसार मुलांशी संबंधित बाबतीत मुलांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, हे सगळं तो सांगतो. कशासाठी, तर हाताला राखी किती दिवस ठेवायची यासाठी.

दप्तराच्या वजनाचं प्रकरण त्यातलंच. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड असू नये, असा शासन निर्णय जुलै २०१५ मध्ये निघाला. पुढच्याच वर्षी चंद्रपुरात सातवीतल्या दोन मुलांनी चक्क पत्रकार परिषद घेऊन दप्तराच्या ओझ्याचं गाऱ्हाणं मांडलं. अर्जदाराकडे त्या बातमीची झेरॉक्स होतीच. एका सकाळी तो रद्दीवाल्याचा ताणकाटा घेऊन मुख्याध्यापकांच्या दारात उभा राहिला आणि स्वतःचं दप्तर आकड्याला लटकवून दाखवलं. काटा सहा किलोवर थांबला.

"आणि तुझं वजन?"

"अडतीस, सर. म्हणजे दप्तर तीन किलो आठशे ग्रॅम हवं."

सरांनी मनातल्या मनात हिशेब केला. "किंवा तुझं वजन साठ हवं. डबा खात जा."

मुलींमधली अर्जदार याहून अवघड. ती एकटी येत नाही, सह्या घेऊन येते. सह्या गोलात केलेल्या असतात, म्हणजे पहिली कुणाची ते कळू नये. आमच्याकडे मुलींना दोन वेण्या, वर बांधलेल्या, लाल रिबिनी, हा नियम शाळेइतकाच जुना. तिने लिहिलं, 'माझी आई सकाळी सहाच्या एसटीने कामावर जाते. वडिलांना वेणी येत नाही. तरी एका वेणीस परवानगी मिळावी, अथवा पालक-शिक्षक संघाच्या पुढील सभेत वडिलांसाठी वेणी घालण्याचे प्रशिक्षण ठेवण्यात यावे.' शिक्षकांच्या खोलीत हा अर्ज वाचून आम्ही पोट धरून हसलो. मग प्रत्येकाने आपापल्या घरातली सकाळ आठवली आणि हसणं जरा कमी झालं.

विषय सभेपुढे गेला. विरोध शिक्षकांनी केला नाही. विरोध केला तो आयांनी. "आम्ही घातल्याच की दोन-दोन वेण्या! आम्हाला काय झालं?" शाळेच्या बहुतेक नियमांना हा एवढाच भक्कम पाया असतो : आम्ही भोगलंय, आता तुम्ही भोगा. शेवटी एका वेणीला मान्यता मिळाली. रिबीन मात्र लालच राहिली, कारण सगळंच सोडलं असं दिसता कामा नये.

अर्जदाराचा सर्वांत धोकादायक प्रश्न म्हणजे 'हा नियम का आहे?' आमच्या इमारतीला दोन जिने आहेत. पूर्वेचा जिना विद्यार्थ्यांनी वापरायचा नाही. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शिस्त म्हणून, असं एक जण म्हणाला. वडीलधाऱ्यांचा मान म्हणून, असं दुसरा. अर्जदाराने आम्हाला विचारणं सोडलं आणि शिपाईमामांना गाठलं. मामा म्हणाले, "अरे, एकदा पावसाळ्यात चौथी पायरी फुटली होती. पोरं पडतील म्हणून पाटी लावली. मे महिन्यात पायरी झाली, पाटी काढायची राहिली." एवढं समजल्यावर जिना त्याच दिवशी मोकळा व्हायला हरकत नव्हती. पण तोवर त्या जिन्याची आम्हा शिक्षकांना सवय लागली होती. कारण मेलं तरी नियम जगतो, आणि जितका म्हातारा होतो तितका त्याला मान मिळतो. या अर्जावर 'बघू' असा शेरा पडला.

पण मुख्याध्यापक मुरलेले. त्यांनी पाहिलं की हा पोरगा रागावून गप्प बसत नाही, हसण्यावारी नेऊन विसरत नाही. मग त्यांनी राजकारणात जे करतात तेच केलं. अर्जदाराला सत्तेत घेतलं. शालेय मंत्रिमंडळात तो शिस्तमंत्री झाला.

आठ दिवसांत त्याने 'विद्यार्थी आचारसंहिता (मसुदा)' सादर केली. एकतीस कलमं, शिवाय उपकलमं. पूर्वेचा जिना खुला, पण विषम तासांना चढण्यासाठी आणि सम तासांना उतरण्यासाठी. पाण्याला जायला परवानगी, पण तीन रंगांचे पास. मेंदीला परवानगी, पण मनगटाच्या वर चार बोटांपर्यंत, आणि ही चार बोटं कुणाची धरायची यावर स्वतंत्र परिशिष्ट. कंपाउंडावरून उडी मारणारा आमचा वडापाववाला माझ्याकडे आला. काकुळतीला येऊन म्हणाला, "सर, याच्यापेक्षा तुमचे नियम बरे होते. ते मोडता तरी येत होते."

शिक्षकांच्या खोलीत सुटकेचा निःश्वास पडला. हा आपल्यातलाच निघाला, असं सगळ्यांचं मत झालं. तेवढ्यात सहावीतला एक टिल्लू पोरगा शिस्तमंत्र्यांपुढे येऊन उभा राहिला. वहीचं फाडलेलं पान, त्यावर वाकड्या अक्षरात 'विषय : पासाचे रंग लक्षात राहत नाहीत त्याबाबत'. आणि हातात दुसरी प्रत. "दादा, पोच दे."

शिस्तमंत्र्याने अर्ज दोनदा वाचला. त्यातल्या दोन वेलांट्या सुधारल्या. मग दुसऱ्या प्रतीवर तारीख घातली, सही केली. तिसऱ्या दिवशी त्या पोराला लेखी उत्तर मिळालं : तीन रंगांचे पास रद्द, एकच पास राहील, कारण, रंगांचा उपयोग काय हे शिस्तमंत्र्यांनाही सांगता आले नाही. त्या वर्षी आमच्या शाळेत कारणासकट लेखी उत्तर देणारं खातं तेवढं एकच होतं.

म्हणून तमाम मुख्याध्यापकांना, पर्यवेक्षकांना आणि संस्थाचालकांना एक विनंती. माहितीच्या अधिकारात सरकारला उत्तर द्यायला तीस दिवस मिळतात, तुम्ही हवं तर चाळीस घ्या. मागणी मान्य करा, अमान्य करा, तो तुमचा अधिकार. पण अर्ज आला की आधी पोच द्या, आणि मग तो नियम कशासाठी आहे ते एका वाक्यात लिहून द्या. ज्या नियमासाठी असं एक वाक्य तुम्हाला सापडणार नाही, त्याची पाटी काढायला शिपाईमामांना सांगा. शिडी शाळेतच असते.