डब्याला काय एवढं बघायचं?

नवा गेमिंग पीसी घ्यायचा म्हटलं की पैसे ठरलेल्या वाटेनंच जातात. आधी ग्राफिक्स कार्ड, मग प्रोसेसर, मग रंगीत दिव्यांचे पंखे, मग ते दिवे दिसावेत म्हणून काचेचं कॅबिनेट. एवढं झाल्यावर खिशात जे उरतं, त्याला एसएमपीएसचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचं बजेट म्हणतात. आमच्या चिरंजीवांच्या यादीत ग्राफिक्स कार्डाची मॉडेल नंबर, मेमरी आणि पंख्यांसकट संपूर्ण वंशावळ होती. सगळ्यात खाली लिहिलं होतं, ‘एसएमपीएस - एखादा.’

‘एखादा’ हे विशेषण आमच्या घरात खराटा, हातरुमाल आणि दूरच्या लग्नातला आहेर यांच्यासाठी राखीव आहे. ज्याच्या जिवावर ही सगळी मंडळी जगणार, तो तरी ‘एखादा’ नको, एवढंच मी म्हणालो. घरात सूचना करणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं, या नियमानुसार ते खातं लगेच माझ्याकडे आलं.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदारानं विषय दोन वाक्यांत संपवला. “साहेब, कॅबिनेटबरोबर डबा फ्री येतो. पाचशे वॅट आहे, डब्याला काय एवढं बघायचं?”

मी डबा हातात घेतला. आत काही आहे की नाही, अशी शंका यावी इतका हलका. बाहेर ‘५००’ हा आकडा मात्र दुकानाच्या पाटीएवढा. बाजूच्या लेबलवर बारीक अक्षरांत १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर लिहिलेले. अठरा बारे दोनशे सोळा.

“हे तर २१६ वॅट झाले. उरलेले कुठे आहेत?”

“ते टोटलमध्ये आहेत, साहेब.”

टोटलमधले वॅट टोटललाच लखलाभ. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघंही प्रामुख्यानं १२ व्होल्टवर जगतात. ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाटेला आता किरकोळ गिऱ्हाइकंच जातात. म्हणून लेबलवर आधी १२ व्होल्टचे अँपिअर बघायचे. ७५० वॅटच्या चांगल्या डब्यावर तिथे ६२च्या आसपास आकडा असतो, म्हणजे जवळजवळ सगळी ताकद जिथे हवी तिथे.

एसएमपीएसचं काम म्हणजे सोसायटीच्या खजिनदाराचं काम. भिंतीतून २३० व्होल्टचा एसी गोळा करायचा, त्याचा डीसी करून ज्याला जेवढा लागतो तेवढा मोजून द्यायचा. खजिनदार कोण, हे वर्षभर कुणाला माहीत नसतं. तो पळाला की मात्र सगळ्यांना त्याचं नाव, गाव आणि सासुरवाडी पाठ होते. स्वस्तातला डबा जाताना मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डालाही सोबत नेऊ शकतो. चांगल्या डब्यात व्होल्टेज चढलं, प्रवाह वाढला, शॉर्ट झालं किंवा आत तापलं, तर स्वतःच बंद पडायची सोय असते. बाकीचे वाचतात.

आता किती वॅटचा? या प्रश्नावर आपल्याकडे कुणालाही मत असू शकतं. शेजारचे काका म्हणाले, “हजाराचा घ्या, टेन्शन नको.” मेहुणे म्हणाले, “साडेचारशे बास, आमचा तेवढ्यावरच चालायचा.” त्यांच्या कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डाव सोडून काही चालल्याचं मी पाहिलेलं नाही. आमचा हिशेब असा : आरटीएक्स ५०७० कार्ड २५० वॅटचं, प्रोसेसर १२० वॅटच्या वर्गातला, बाकी सगळं मिळून सत्तर-ऐंशी. म्हणजे साडेचारशेच्या आसपास. एनव्हिडिया या कार्डासाठी ६५० वॅटचा पुरवठा सुचवते. कार्ड क्षणभर आपल्या मर्यादेबाहेर उसळी मारतं, शिवाय पुढचं कार्ड याहून खादाड असणार, म्हणून आम्ही ७५० धरला. तोही एटीएक्स ३.० च्या नियमांतला. २०२२ मध्ये आलेल्या या नियमांनुसार, नव्या १६ पिनांच्या कार्डांसाठी बनवलेल्या डब्यानं १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार झेलायचा असतो.

आकडा स्वयंपाकघरापर्यंत पोचला आणि सौभाग्यवती बाहेर आल्या. “साडेसातशे वॅट? म्हणजे हा बसला की इस्त्री चालू ठेवल्यासारखंच की!”

ही त्याची कुवत आहे, भूक नाही, असं मी समजावलं. आतल्यांनी ४५० मागितले आणि डब्याची कार्यक्षमता ९० टक्के असली, तर भिंतीतून ५०० ओढले जातात. मधले ५० उष्णता होऊन खोलीत राहतात. “आणि नुसत्या बातम्या वाचत बसला तर बहुधा शंभराच्या आतच.”

“तो बातम्या कधी वाचतो?”

या प्रश्नाला वॅटमध्ये उत्तर नव्हतं.

मग ८० प्लसच्या पदव्या आल्या. २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या प्रमाणपत्रात साध्यापासून ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशी चढण आहे. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर ९० टक्के कार्यक्षमता दाखवली की गोल्ड. पण ही पदवी फक्त काटकसरीची आहे. डबा संकटात कसा वागेल, हे ती सांगत नाही. शिवाय चाचणी होते २३ अंश सेल्सिअसला. आमचे एक नातेवाईक नागपूरला राहतात. मे महिन्यात त्यांनी २३ अंश फक्त एसीच्या रिमोटवर पाहिलेत. तेव्हा डबा पूर्ण वॅट ४० अंशांना देतो की ५० अंशांना, हे विचारायचं. आतले कपॅसिटर ८५ अंशांचे की १०५ अंशांचे, हेही विचारायचं. दुकानदार वैतागेल. वैतागू द्यावा.

आपल्या घरातल्या विजेचाही स्वभाव बघावा लागतो. वीज गेल्यावर चांगला डबा आपल्या पोटातल्या साठ्यावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. घरच्या इन्व्हर्टरला बहुधा यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो. यूपीएसवर तो साधारण १० मिलिसेकंदांत वीज घेतो, नॉर्मलवर याच्या कितीतरी पट वेळ लावतो. पंख्याला तो फरक कळत नाही, पण गेम जिंकत आलेल्या मुलाला कळतो आणि मग सबंध बिल्डिंगला कळतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवाल्याशी आजच्या अनेक डब्यांचं पटत नाही.

अर्थिंगची तर कथाच वेगळी. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार घरोघरी आहे. डब्यातल्या फिल्टरमधून झिरपणारा किंचित प्रवाह तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायचा असतो. वाट मिळाली नाही की तो पत्र्यावर वस्तीला राहतो. आमच्या इलेक्ट्रिशियननं बोर्ड उघडून निदान सांगितलं, “अर्थिंग आहे साहेब, फक्त जोडलेलं नाही.”

शेवटचा सल्ला जुन्या वायरी जपणाऱ्यांना. ‘लागेल कधीतरी’ म्हणून भरलेली वायरींची पिशवी मराठी माणसाच्या माळ्यावर असतेच. मॉड्युलर डब्याच्या बाबतीत ती उघडू नका. मदरबोर्डकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, डब्याकडचं नसतं. दुसऱ्या कंपनीची वायर छान बसते आणि भलत्या पिनेत भलतं व्होल्टेज पोचवून मोकळी होते.

थोडक्यात निकाल असा : एसएमपीएस यादीत सगळ्यात वर लिहा. दहा वर्षांची वॉरंटी देणारे डबे बाजारात आहेत. त्या काळात दोन कार्डं येऊन जातील, डबा तोच राहील. त्याला पैसे कमी पडत असतील, तर कार्ड एक पायरी खालचं घ्या. हरायचंच असेल, तर खालच्या कार्डावरही तितकंच हरता येतं.