बॉनेटकाका

बॉनेटकाका हे गृहनिर्माण संस्थेतले चौथे पदाधिकारी. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडून यावे लागतात. चौथे पद कुणी मागत नाही, कुणी देत नाही आणि ते कधी रिकामेही राहत नाही. पदधारकाचे वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, पायात घरातली चप्पल आणि कान विलक्षण तिखट. दाराची बेल वाजली तर त्यांना ऐकू येत नाही, पण खाली पार्किंगमध्ये कुणी बॉनेट उघडल्याचा ‘खट्’ तिसऱ्या मजल्यावर पोहोचतो. गाडीचा मालक बॉनेटची दांडी टेकवून सरळ उभा राहीपर्यंत ते शेजारी हजर असतात. हात मात्र पाठीमागे बांधलेले.

त्यांची विद्या प्रीमियर पद्मिनीच्या काळातली, आणि त्या काळापुरती ती खरी होती. पॉइंट घासणे, प्लग साफ करणे, कार्ब्युरेटरचा जेट फुंकणे, हे सगळे त्यांनी स्वतः केलेले असते. अडचण अशी की त्यांच्या गाडीत एसी नव्हता. त्यामुळे थंड हवेविषयीचे त्यांचे सारे ज्ञान घरच्या फ्रिजवरून आलेले आहे. फ्रिज एकदा बंद पडला, मेकॅनिक आला, ‘गॅस गेलाय’ म्हणाला, पैसे घेऊन गेला. त्या दिवसापासून थंड होऊ शकणाऱ्या प्रत्येक यंत्राला बॉनेटकाकांच्या मते एकच आजार होतो.

मे महिन्यात तक्रार येते ती अशी: बटण निळ्या टोकाला आहे, ब्लोअर चालू आहे आणि जाळीतून हवा येते ती गरम. “गॅस गेलाय,” काका सांगतात, तेही अजून बॉनेटमध्ये न डोकावता. मालक म्हणतो, “पण काका, एसी बंद केला तरी गरमच येतेय.” या वाक्यात निम्मे निदान असते. काकांच्या कानाला मात्र बॉनेट ऐकू येते, वाक्ये कमी.

गॅस कमी झाला तर जाळीतून बाहेरच्या हवेइतकी कोमट हवा येईल. बाहेरच्यापेक्षा जास्त तापलेली हवा गॅस गेल्याने येऊ शकत नाही. ती उष्णता कुणीतरी पुरवावी लागते. गाडीत ती पुरवणारा हीटर. डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो, त्यातून इंजिनचे तापलेले कूलंट फिरते, आणि ते साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस असते. बऱ्याच गाड्यांत हे पाणी बारा महिने फिरतच राहते. निळे-लाल बटण फक्त एक फ्लॅप हलवते आणि हवा त्या तापलेल्या रेडिएटरवरून न्यायची की बाजूने, ते हा फ्लॅप ठरवतो. काही गाड्यांत फ्लॅपबरोबर किंवा त्याऐवजी पाण्याच्या वाटेवर व्हॉल्व्ह असतो. फ्लॅप लाल बाजूला अडकला, की एसीने थंड केलेली हवा पुढे जाऊन पुन्हा तापते. फ्रिजमधले पाणी काढून ते चहाच्या आधणात ओतावे, तसा हा प्रकार. अशा गाडीत गॅस भरणे म्हणजे पाणी आणखी गार करून ओतणे.

काकांना हे मुळातच ठाऊक नाही असे नाही. घाटात इंजिन तापू लागले की हीटर पूर्ण चालू करायचा, म्हणजे इंजिनची उष्णता आत येते आणि काटा खाली उतरतो, ही युक्ती ते कसारा घाटाच्या संदर्भासह प्रत्येक नव्या सभासदाला सांगतात, आणि ती बरोबरही आहे. पण घाटातला हीटर आणि पार्किंगमधला हीटर एकच, हे त्यांच्या मनात कधी जुळत नाही. शिवाय नागपूरच्या गाडीला हीटर कशाला असेल, असा त्यांचा रास्त सवाल असतो. अनेक मालकांनाही आपल्या गाडीत हीटर आहे हे तो बिघडल्यावरच कळते.

खरी तपासणी साधी आहे आणि ती काकांच्या देखत, त्यांच्या विरोधाला न जुमानता करता येते. सकाळी थंड इंजिन सुरू करून, एसी बंद ठेवून, बाहेरची हवा आत घ्यायची आणि बटण निळ्या टोकाला ठेवायचे. पहिली काही मिनिटे हवा बरी येते. इंजिनचा काटा वर चढतो तशी तीही तापते. इंजिनच्या काट्याबरोबर हवा तापली, म्हणजे उष्णता हीटरची. (“गॅस तापला की पातळ होतो,” ही काकांची टिप्पणी. तिचे खंडन करू नये, वेळ जातो.) मग बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचे. ते सैल, निर्जीव फिरले तर मागची केबल निसटलेली असते. घट्ट अडले तर केबल किंवा फ्लॅप जाम. बटण इलेक्ट्रॉनिक असेल आणि डॅशबोर्डमागे टिक-टिक-टिक ऐकू आले, तर फ्लॅप हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या प्लॅस्टिकच्या दातऱ्या तुटल्या असण्याचा संभव मोठा. एका बाजूची जाळी गरम आणि दुसरी गार, असा प्रकार दोन्ही बाजूंना वेगळे तापमान लावता येणाऱ्या गाड्यांत होतो, आणि तिथेही संशयित बहुधा हीच मोटर.

शेवटी इंजिनकडून केबिनकडे जाणारे हीटरचे दोन पाइप. इथे काका पहिल्यांदाच पाठीमागचा हात पुढे आणतात, पाइपला लावतात आणि तो झटक्यात मागे घेऊन विजयाने सांगतात, “गरम आहे!” फ्लॅपच्या गाडीत हे दोन्ही पाइप गरमच असायला हवेत, त्यावरून काही सिद्ध होत नाही. व्हॉल्व्हच्या गाडीत, बटण निळ्यावर असताना, व्हॉल्व्हच्या पलीकडेही पाइप तापलेला असेल तर व्हॉल्व्ह बंद होत नाही हे नक्की.

दोषाचे कारण पुष्कळदा घरगुतीच निघते. आपल्याकडे हे बटण वर्षानुवर्षे निळ्यावर पडून असते. डिसेंबरात पहाटे नाशिकला जाताना कुणीतरी ते हौसेने लालवर नेते आणि न हललेला फ्लॅप एकदा जातो तो परतत नाही. किंवा नवी म्युझिक सिस्टम बसवताना केबलची क्लिप सुटते. बसवणारा पोरगा काकांच्या ओळखीतला असतो.

उपाय दुखण्यावर अवलंबून. केबल पुन्हा अडकवणे थोडक्यात होते. मोटर काही गाड्यांत हाताशी असते, तर काहींत तिच्यासाठी अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. काही गॅरेजवाले हीटरचे दोन पाइप परस्पर जोडून हीटरच बाद करतात. उन्हाळ्यात हे खपते. पावसाळ्यात काचेवरचे धुके घालवताना हीटर आठवतो. काकांना हा उपाय पसंत असतो, पण गॅस भरून झाल्यावर. एसीची यंत्रणा बंदिस्त असते, गॅस ‘वापरून’ संपत नाही, कमी झाला तर तो कुठेतरी गळतो आहे, आणि जास्त भरला तर थंडावा उलट कमी होतो. ही माहिती त्यांच्यापर्यंत अनेकदा पोहोचवण्यात आलेली आहे.

गाडी दुरुस्त होऊन आली की ते खिडकीतून हात घालून जाळीसमोर धरतात. “बघ, भरला ना गॅस,” म्हणतात. मालक बिल दाखवतो. त्यावर ‘हीटर केबल’ लिहिलेले असते. “तसंच लिहितात,” काका सांगतात.

इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर हे पद बरखास्त होईल असा अंदाज होता. तिथे इंजिन नाही, त्याचे तापलेले पाणी नाही, हीटर वेगळ्या जातीचा. पण एसी त्यांतही गॅसवरच चालतो, हे काकांनी चौकशी करून घेतले आहे.