पडायला माणसं पाहिजेत

लंडनमध्ये 2012 साली आलेल्या ‘द प्ले दॅट गोज राँग’ या नाटकात भिंती कोसळतात, नट आपटतात. अशा नाटकाची पात्रं निवडताना उच्चारांआधी गुडघे तपासायला हवेत.

सांगलीला यात नवल ते काय? विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथंच ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केलं, तेव्हापासून राक्षसांच्या उड्यांनी रंगमंच हादरतच होता. पुढं कवलापूरच्या काळू-बाळूंनी, म्हणजे लहू-अंकुश खाडे या जुळ्या भावांनी, तमाशात ‘जहरी प्याला’ या वगातले हवालदार होऊन अख्खा तंबू हसवला.

आज मात्र साताऱ्या-सांगलीच्या हौशी नटांत ज्याला त्याला स्वगत हवं. आपटायला कोणी तयार नाही. लोक तमासगीर म्हणतील ना! तेच आपटणं विलायतेहून आलं, की हीच मंडळी महागडं तिकीट काढून मुंबई गाठतात. तेही पुढच्या रांगेतलं.