विंचवाच्या बिऱ्हाडाचे आरक्षण

मु. फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

तीर्थरूप आबा व मातोश्री, मु. नांदे, ता. मुळशी, जि. पुणे, यांच्या चरणी परदेशस्थ कुटुंबाचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, येत्या जुलैतील योसेमिटीच्या प्रवासासाठी मोटरहोम, म्हणजे ओटा, गाद्या व शौचकूप यांसह आख्खे बिऱ्हाड पाठीवर वाहणारे वाहन, भाड्याने घेण्याचे आपल्या चिरंजिवांनी निश्चित केले असून, विंचवाप्रमाणे बिऱ्हाड पाठीवर असले म्हणजे मुक्काम कोठेही करता येतो, ही त्यामागील त्यांची मूळ धारणा होती. 1890 साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या त्या परिसरात ती टिकत नाही, असे अभ्यासान्ती आढळले; कारण तेथे रस्त्याकडेला गाडी लावून झोपण्यास मनाई असून, रात्र आखून दिलेल्या जागेतच काढावी लागते.

या जागांचा पहिला निकष लांबीचा होय. ‘अप्पर पाइन्स’ या तळावर 35 फुटांपर्यंतची, तर ‘लोअर पाइन्स’ व ‘नॉर्थ पाइन्स’ येथे 40 फुटांपर्यंतची मोटरहोम चालते. तथापि प्रत्येक जागेची मर्यादा निराळी असल्याने, गाडी ताब्यात येण्यापूर्वीच तिची लांबी ठाऊक असावी लागते. स्थळ पाहण्याआधी उंची विचारण्याची रीत आपल्याकडेही असल्यामुळे सूनबाईंना यात काही वावगे वाटले नाही. मागे टांगलेल्या सायकली लांबीत धराव्यात की नाही, या प्रश्नावर मात्र घरात दोन दिवस अबोला होता.

दुसरा निकष मुहूर्ताचा. 15 जुलै ते 14 ऑगस्ट या काळातील अप्पर पाइन्सच्या जागा पाच महिने आधी, 15 फेब्रुवारीस सकाळी 7 वाजता खुल्या होतात आणि उन्हाळ्यातील बहुतेक जागा काही मिनिटांतच संपतात. त्या वेळी नांद्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असल्याने, हिंजवडीत नोकरीस असलेल्या पुतण्यास जेवणाच्या पानावरून उठवून संगणकापुढे बसवावे, अशी विनंती आहे. मंगलाष्टके संपताच अक्षता टाकाव्यात, तितक्या तत्परतेने त्याने बटण दाबावे.

तिसरा विषय ‘हुकअप’ हा असून, गाडीस थेट वीज, पाणी व सांडपाण्याची नळी जोडण्याच्या सोयीस ही संज्ञा आहे. योसेमिटीच्या तळांवर ही सोय नाही. त्यामुळे सांडपाणी गाडीच्याच टाकीत साठवून ‘डंप स्टेशन’ नामक ठिकाणी रिकामे करावे लागते, आणि जनरेटर ठरावीक वेळांतच चालवता येत असल्याने शेंगदाण्याची चटणी मिक्सरमध्ये केव्हा फिरवावी, हे सूनबाईंऐवजी उद्यानाचे प्रशासन ठरवते. शिवाय अस्वलांना वासाचे ज्ञान तीव्र असल्यामुळे खाद्यपदार्थांप्रमाणेच साबण व टूथपेस्टही बंदोबस्तात ठेवाव्या लागतात. यास्तव मातोश्रींनी आणावयाची लोणच्याची बरणी घट्ट झाकणाची असावी.

आता मूळ मुद्दा. एका जागेवर लहान मुले धरून जास्तीत जास्त सहा माणसांनाच राहता येते. चिरंजीव, सूनबाई, दोन नातवंडे आणि आपण उभयता मिळून सहा होतात. परंतु आपल्या मागील पत्रानुसार थोरल्या काकांनीही बॅग भरली आहे. नांद्यात घरी आठ पाहुणे आले, तर नववे पान वाढण्यास कोणाची परवानगी लागत नाही, हे येथील नियम करणाऱ्यांस समजावणे अशक्य असल्याने, सातवे कोण याचा निर्णय वडीलधाऱ्यांनीच करावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

ता. क. पत्र नेहमीप्रमाणे ओसरीवर मोठ्याने वाचले जात असल्यास, शेवटचा परिच्छेद काका घरी गेल्यावर वाचावा.